‘जणू’ आणि ‘सारखा’ पाठ करून अलंकार का कळत नाहीत?

प्रश्न असा आहे : मुलगी दहावीला आहे. अलंकारांच्या व्याख्या तिला तोंडपाठ आहेत. ‘सारखा, समान, प्रमाणे’ दिसलं की उपमा, ‘जणू, वाटे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा, यातलं काहीच नसेल तर रूपक, असं तिला शिकवणीत लिहून दिलं आहे. तरी उदाहरण जरा वेगळं आलं की ती चुकते, आणि आता तिला कविताच नकोशी झाली आहे. आई विचारते आहे की मी स्वतः कॉमर्सची, घरी कशी मदत करू?

ताई, मी 32 वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. तुमच्या प्रश्नातलं ‘कविता नकोशी झाली आहे’ हे मला सगळ्यात जास्त लागलं. दोन-चार गुण पुढच्या परीक्षेत भरून निघतात, कवितेवरून उडालेलं मन सहज परत येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या यादीबद्दल. तिचा उपयोग आहे, पण तो खुणेच्या दगडाइतकाच. दगडावर गावाचं नाव असतं, दगड म्हणजे गाव नसतं. उत्तरपत्रिका तपासताना मी ‘ती सारखी रडत होती’ या वाक्यापुढे ‘उपमा’ लिहिलेलं कितीदा तरी पाहिलं आहे. इथे ‘सारखी’ म्हणजे एकसारखी, न थांबता. ‘सांगितल्याप्रमाणे तो आला’ यात ‘प्रमाणे’ आहे, पण तुलना कसलीच नाही. ‘मला वाटते उद्या पाऊस येईल’ यात ‘वाटते’ आहे, उत्प्रेक्षा नाही. मुलीने शब्द बरोबर ओळखला, त्या शब्दाने वाक्यात काय काम केलं ते कुणी तिला बघायला सांगितलं नाही.

त्याच्या पुढची पायरी अशी की खरोखरची तुलना असली तरी ती अलंकार असेलच असं नाही. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांचं एक आवडतं वाक्य आहे : गवा हा गाईसारखा असतो. रानात कधी न गेलेल्याला हे सांगून ठेवलं, तर दाजीपूरच्या जंगलात गवा दिसल्यावर तो त्याला ओळखेल. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, याला ‘उपमान’ हे ज्ञानाचं साधन मानलं आहे. वाक्य माहिती देतं, पण मनाला चटका लावत नाही, कल्पनेला हलवत नाही, म्हणून काव्यशास्त्र त्याला उपमा अलंकार म्हणत नाही. ‘रमेशची उंची सुरेशएवढी आहे’ हे त्याच जातीचं. अलंकारासाठी दोन दूरच्या गोष्टी जवळ याव्या लागतात, आणि जवळ आल्यावर काहीतरी नवं दिसावं लागतं.

या दोन गोष्टींची नावं तुम्हाला माहीत असतीलच. जिच्याविषयी बोलायचं ती उपमेय, जिची आठवण काढली ती उपमान (न्यायशास्त्रातलं ‘उपमान’ वेगळं). दोघींत समान असलेला गुण म्हणजे साधारण धर्म, आणि जोडणारा शब्द तो साधर्म्यवाचक. ‘मामीच्या पोळ्या कापसासारख्या मऊ’ या एका वाक्यात चारही आहेत. ‘मऊ’ काढून टाका, ‘कापसासारख्या पोळ्या’ म्हणा, तरी उपमा राहतेच, फक्त एक अंग लपतं.

आता मी वर्गात जे करायची ते सांगते. एकच जोडी घ्यायची आणि ती सोडायची नाही. माझी जोडी ठरलेली : शाळेतून घरी येणारा मुलगा आणि वादळ. पहिल्यांदा म्हणायचं, ‘पोरगा वादळासारखा घरात शिरला.’ इथे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की हा पोरगा आहे आणि वादळ ही वेगळी गोष्ट आहे. दोघांच्या मधे अंतर शाबूत आहे, त्यावर फक्त एक साकव टाकला. ही उपमा. मग म्हणायचं, ‘पोरगा शिरला आणि घरात जणू वादळच आलं.’ आता बोलणाऱ्याचा तोल थोडा गेला. पोरगा आहे हे कळतंय, तरी मन म्हणतंय की हे वादळच असावं. ही उत्प्रेक्षा, म्हणजे मनाने मारलेली उडी. पुढे, ‘आमचा पोरगा म्हणजे वादळ!’ आता मधलं अंतर पुसून टाकलं. दोघं एकच. हे रूपक. त्याही पुढे, ‘अहो, हा पोरगा नव्हेच, वादळ आहे!’ आता उपमेयाला सरळ नाकारलं आणि त्याच्या जागी उपमान बसवलं. ही अपन्हुती. नाव भारदस्त आहे, पण कोणत्याही आजीच्या तोंडी हे वाक्य रोज असतं. आणि आजी पुढे हेही म्हणते, ‘वादळ परवडलं, ते तासाभरात शमतं तरी!’ म्हणजे उपमान हरलं, उपमेय वरचढ ठरलं. हा व्यतिरेक. शेवटी हात जोडून, ‘याच्यासारखा हाच!’ तुलनेला जगात दुसरं काही उरलंच नाही. तो अनन्वय.

मुलांना हा खेळ इतका आवडायचा की ती स्वतःच पुढची पायरी काढत. एका वर्षी एका मुलीने उभं राहून सांगितलं, ‘बाई, खिडकी धाडकन आपटली तशी आजी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला धावली, वादळ आलं म्हणून, आणि बघते तर दारात दादा!’ मी फळ्यावर ‘भ्रांतिमान’ लिहिलं आणि तिला खडू बक्षीस दिला. आजीची चूक खरी झाली, तिने त्या चुकीवर कृतीही केली, म्हणून भ्रांतिमान. तीच आजी जागेवर बसून ‘हा पोरगा आला की वादळ?’ एवढंच म्हणाली असती, तर तिचं मन दोन्हीकडे झुलत राहिलं असतं, म्हणून ससंदेह.

म्हणजे सगळी भानगड त्या दोन गोष्टींमधल्या अंतराची आहे. बोलणारा अंतर राखतो, शंका घेतो, पुसतो, नाकारतो की उलटवतो? हा प्रश्न विचारायची सवय लागली की शब्दांची यादी आपोआप मागे पडते.

उपमा आणि उत्प्रेक्षा यांत तुमची मुलगी गोंधळते याचा तिला कमीपणा वाटू देऊ नका. हा घोळ फार जुना आहे आणि त्यात विद्वानही सापडले होते. संस्कृतात एक प्रसिद्ध ओळ आहे, मृच्छकटिक नाटकातही ती येते : ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः’. अंधार जणू अंगांना लेप देतो आहे, आकाश जणू काजळ वर्षतं आहे. मूळ ओळीत ‘इव’ हा शब्द आहे, आणि ‘इव’ म्हणजे संस्कृतातला ‘सारखा’. त्यामुळे काही जण म्हणत, ‘इव’ आहे म्हणजे उपमाच. सुमारे 7व्या-8व्या शतकातला काव्यशास्त्रकार दंडी आपल्या ‘काव्यादर्शा’त त्यांना थांबवतो. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते : उपमा म्हणता, मग उपमान दाखवा. अंधाराची तुलना कशाशी केली? ‘लेप देतो’ हे तर क्रियापद आहे, ती काही अंधाराशेजारी ठेवून बघायची वस्तू नाही, आणि दोघांचा समान गुणही दाखवता येत नाही. कवीने तुलना केलेलीच नाही. अंधार पसरण्याला त्याने लेप देण्याची क्रिया मानलं, म्हणून ही उत्प्रेक्षा. मग दंडी उत्प्रेक्षा सुचवणारे शब्द देतो आणि त्यात ‘इव’लाही बसवतो. म्हणजे खुणेचा शब्द एकच, काम दोन. मुलीला हे जरूर सांगा. आपल्याला पडलेला पेच तेराशे वर्षांपूर्वी कुणीतरी असा सोडवत बसला होता, हे कळलं की मुलं ताठ बसतात.

घरगुती कसोटी म्हणून एवढं करा : ‘जणू’ दिसलं की तिला विचारा, ‘कशासारखं?’ उत्तरात एखादी वस्तू सरळ हाती लागली आणि तिच्यातला-यातला समान गुण सांगता आला, तर उपमेचा विचार करा. उत्तरात ‘असं वाटतं की…’ अशी अख्खी घडामोड आली, तर ती उत्प्रेक्षा.

रूपकावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण परीक्षेत ते ‘खूण नाही म्हणून रूपक’ असं उरलंसुरलं म्हणून येतं, आणि भाषेतली सगळ्यात मोठी ताकद त्याच्यातच आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींच्या दोन ओळी शेजारी ठेवा. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ इथे ‘जसा’ आहे, उपमा आहे. संसार एकीकडे, तवा दुसरीकडे, आणि मधे चटक्यांचा साकव. दुसरीकडे ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. इथे मन ढोरासारखं आहे असं त्या म्हणत नाहीत. मन हेच ढोर. आणि ढोर म्हटल्याबरोबर केवढं तरी आत येतं : पिकाची चटक लागलेली ती हिरवी ओढ, हाकललं की बांधापर्यंत जाणं, आपण पाठ फिरवली की परत येणं, राखणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येणं. उपमा बहुधा एका गुणाकडे बोट दाखवते. रूपक एका आयुष्याचं दार उघडतं.

तुकोबांचं ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें, शब्दांचींच शस्त्रें यत्न करूं’ घ्या. शब्द रत्नांसारखे मोलाचे, असं म्हटलं असतं तर मोल तेवढं कळलं असतं. शब्द हेच धन म्हटल्यावर पुढे ‘शब्दें वाटूं धन जनलोकां’ हे ओघानेच येतं, कारण धन वाटता येतं. एकदा रूपक केलं की त्याचा संसार सांभाळावा लागतो, आणि मोठा कवी तो शेवटपर्यंत सांभाळतो. मुलीला विचारा, ‘कवीने हे रूपक पुढच्या ओळीत नेलं का, की सोडून दिलं?’ या एका प्रश्नाने रसग्रहणाचं उत्तर सुधारतं.

आणखी एक गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते. उपमान कुठून आलं ते बघावं. बहिणाबाईंना मनासाठी ढोर सुचलं, कारण त्यांनी उभं पीक राखलं होतं. मृगाच्या पावसाकडे बघून शेतकरी ‘सोनं पडतंय सोनं’ म्हणतो, त्याच पावसाला भट्टीवर कच्च्या विटा पसरून बसलेला माणूस सोनं म्हणणार नाही. उपमेय सगळ्यांचं असतं, उपमान बोलणाऱ्याचं असतं. कविता वाचताना माणूस दिसायला लागतो तो इथे.

‘सोनं पडतंय’ या वाक्याचा अलंकार कोणता, असंही ती विचारेल. पाऊस हा शब्द वाक्यात नाहीच. उपमानाने उपमेयाला गिळून टाकलं आहे. मुलगी झाली की आपण ‘घरात लक्ष्मी आली’ म्हणतो, तेही असंच. जुन्या शास्त्रात याला अतिशयोक्तीच्या घरात जागा दिली आहे. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे ‘फुगवून सांगणं’ एवढंच शिकवतात, ‘तुला लाखदा सांगितलं’ या धर्तीचं. परीक्षेपुरतं तेवढं पुरे. पण हे जुनं घर तिला एकदा दाखवून ठेवा.

व्यतिरेकाचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं आहे : ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजा जिंके’. शके 1212, म्हणजे 1290 साली पुरी झालेली ही टीका. ‘अमृतासारखी गोड’ एवढ्यावर भागलं असतं, पण ज्ञानदेव पैज लावतात आणि जिंकतात. मराठीविषयी एवढ्या विश्वासाने बोलणारी ही ओळ वर्गात वाचताना माझा आवाज दरवेळी थोडा वर जायचा.

चेतनगुणोक्ती सोपी आहे, निर्जीवाला सजीवाचे गुण दिले की झाली. ‘ढग दमले आणि घाटमाथ्यावर टेकले.’ फक्त एक जपायचं. डोंगराचा पायथा, डोंगराची सोंड, बाटलीचं तोंड, खुर्चीचे पाय, नारळाची शेंडी, ‘हा रस्ता कुठे जातो?’ हे सगळं एकेकाळी कुणाच्या तरी कल्पनेतून आलं असेल. आता ते वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे, त्याला अलंकार म्हणून गुण मिळणार नाहीत. पण मुलांना असे शब्द शोधायला लावले की ती तासभर शोधत बसतात.

इथून मी तुम्हाला स्वयंपाकघरात नेते, कारण तुम्ही कॉमर्सच्या म्हणून अडण्याचं काहीच कारण नाही. तुमच्या घरात दिवसभर लाक्षणिक भाषा चालू असते. ‘कुकर झाला का?’ कुकर काय होणार, आतला भात होतो. ‘दोन पानं वाढ.’ पान वाढत नाही, पानावरचं अन्न वाढतो. ‘खाणारी तोंडं पाच’, ‘सगळा गाव लोटला’, ‘दिल्लीने नकार दिला’. शब्दाचा सरळ अर्थ, म्हणजे अभिधा, जिथे अडते तिथे आपण शेजारचा, संबंधातला अर्थ घेतो. ही लक्षणा. तिचं शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण ‘गङ्गायां घोषः’, गंगेवर गवळीवाडा. पाण्यावर वाडा कसा असेल? काठावर आहे. आणि आपण आजही अगदी तसंच म्हणतो, ‘आमचं घर नदीवरच आहे.’ त्यात गारवा, मोकळा वारा, घाट, सगळं येतं. ‘काठावर’ म्हटलं तर पत्ता कळतो, ते सगळं येत नाही.

शब्दाची तिसरी शक्ती व्यंजना, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवणं. 11व्या शतकातला काश्मीरचा काव्यशास्त्रकार मम्मट सांगतो, ‘सूर्य मावळला’ एवढं वाक्य ऐकून कामकरी काम आवरतो, धार्मिक माणूस संध्येची तयारी करतो, प्रेयसी भेटीला निघते. शब्द तेच, ऐकणारा बदलला की अर्थ बदलला. तुम्ही गॅलरीतून ‘दिवेलागण झाली गं’ म्हणता तेव्हा मुलीला ‘खेळ पुरे, घरी ये’ हेच ऐकू येतं. व्यंजना तिला व्याख्येशिवाय येते. तिला एवढंच दाखवायचं की हे तुला आधीच येतं.

याच वाटेवर मराठीतलं एक फार हळवं दालन आहे. आपण नारळ ‘फोडत’ नाही, वाढवतो. दुकान वाढवतो. बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणतो. निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. गेलेल्या माणसाबद्दल ‘देवाज्ञा झाली’. तुटण्या-संपण्याचा शब्द तोंडातून बाहेर पडू नये म्हणून त्याच्या नेमका उलटा शब्द ठेवायचा! ही काळजी कुणी एका कवीने घेतलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या बायाबापड्यांनी घेतली आहे. हल्ली मुलं सरळ ‘नारळ फोडला’, ‘मी जाते’ म्हणतात. त्यांच्यावर रागावू नये, पण ‘वाढवला’ मागे काय होतं ते त्यांना सांगावं. नाहीतर हा अर्थ आपल्यासोबत जाईल. आडवळणाने सांगण्याच्या या रीतीला अलंकारांत पर्यायोक्ती म्हणतात. ‘तो सध्या सरकारी पाहुणचार घेतोय’ म्हणजे तुरुंगात आहे, हेही त्याच रीतीचं.

म्हणींतून आणखी तीन अलंकार सुटतात. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण म्हणजे अन्योक्तीची व्याख्याच आहे : बोलायचं एकाला, रोख दुसऱ्यावर. दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत मुलं फार अडखळतात. तुकोबांचं ‘लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा, ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’ हा दृष्टान्त, कारण एका गोष्टीसमोर तशीच दुसरी गोष्ट आरशासारखी धरली आहे, आणि मधे ‘जसं-तसं’ नाही. अर्थान्तरन्यासात एक बाजू विशिष्ट प्रसंगाची आणि दुसरी सर्वसामान्य नियमाची असते. ‘तिघा भावांनी मिळून विहीर काढायला घेतली आणि ती अर्धीच राहिली, बारभाईची शेती, काय लागे हाती!’ पहिला भाग एका घरचा, दुसरा साऱ्या जगाचा. म्हणून मुलीला विचारायचं : यात नियमासारखं वाक्य आहे का? असेल तर अर्थान्तरन्यास. दोन्ही बाजूंना चित्रंच असतील तर दृष्टान्त.

श्लेषासाठी शब्द बदलून बघायचा. ‘कर’ म्हणजे हात आणि कर म्हणजे सरकारी देणं. ‘राजाचे कर सगळीकडे पोचतात’ यातला ‘कर’ काढून ‘हात’ घातला की दुसरा अर्थ पळाला, म्हणजे हा शब्दावरचा श्लेष. यमक, अनुप्रास हे कानाचे अलंकार, मोठ्याने वाचलं की कळतात. त्यासाठी वेगळा अभ्यास नको.

परीक्षेत लिहिताना तिने आधी उपमेय-उपमान शोधून लिहावं, मग दोघांमधलं नातं एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत सांगावं आणि अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी लिहावं. नाव आधी लिहिलं की मन त्या नावाचा पुरावा शोधत बसतं. पाठ केलेली व्याख्या त्यानंतर जोडायला हरकत नाही.

आणि आजच एक करा. रात्री जेवताना तिला घरातली एक जोडी निवडायला सांगा, तिची स्वतःची. बाबांचं घोरणं आणि गिरणी चालेल, आजीचे हात आणि चिंचेची साल चालेल. उपमेपासून सुरुवात करा, अनन्वयापर्यंत जा, एकेक वाक्य एकेकाने म्हणायचं. तुमची पाळी येईल तेव्हा तुम्हीही म्हणा. आजी घरात असतील तर अपन्हुती आणि व्यतिरेक त्यांच्यासाठी ठेवा, त्यांना ते न शिकवताच येतील.